बशीत तरंगणारे गोल

तुमच्याआमच्या पिढीला शाळेत एक गोष्ट अगदी ठामपणे शिकवली गेली. जखम भरून येते, मोडलेलं हाड सांधतं, पण मेंदूची पेशी एकदा मेली की मेली. जन्मताना मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची, तिच्यात भर पडत नाही. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांना डॉक्टर तेच समजावून सांगत.

या समजुतीमागे कुणी साधासुधा माणूस नव्हता. सान्तियागो रामोन इ काहाल हा स्पेनचा शास्त्रज्ञ, 1906च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू पाहावा तो त्यानंच. प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही, असा निर्वाळा त्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी दिला आणि तो पुढे जवळजवळ धर्मशास्त्रासारखा पाळला गेला.

नाही म्हणायला, शंका घेणारे निघाले. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ ऑल्टमन यांनी किरणोत्सारी खूण केलेलं द्रव्य उंदरांना टोचलं. पेशी विभागताना ते आपल्या डीएनएमध्ये घेते. म्हणजे खूण दिसली की पेशी नवी. 1962पासून ऑल्टमन आणि पुढे त्यांच्याबरोबर गोपाल दास हे सांगत होते, की मोठ्या उंदरांच्या मेंदूत अशा नव्या चेतापेशी दिसतात. फारसं कुणी ऐकलं नाही. 1980च्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांत तेच दाखवलं, तर 'पक्ष्यांचं वेगळं' म्हणून विषय बाजूला पडला. 1985मध्ये पास्को राकिच यांनी माकडांचे मेंदू तपासून पुन्हा नकाराची मोहोर उमटवली.

आणि मग कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात सॅम्युएल वाइस आणि त्यांचा विद्यार्थी ब्रेंट रेनॉल्ड्स यांनी एक साधा वाटणारा प्रयोग केला. प्रौढ उंदराच्या मेंदूतला एक भाग घेऊन त्यातल्या पेशी विकरांच्या साहाय्यानं सुट्या केल्या आणि बशीत ठेवल्या. पेशी वाढवायच्या तर त्यांना रक्तातला सीरम देण्याची जुनी रीत होती. इथे सीरम नव्हता. होतं ते एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर नावाचं एक प्रथिन.

या प्रथिनाची कहाणीही गमतीची आहे. स्टॅन्ली कोहेन यांना ते उंदराच्या लाळग्रंथीत सापडलं. त्याचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले! कोहेन यांना 1986चं नोबेल मिळालं. नावातला 'एपिडर्मल' हा शब्द त्वचेचा. ते मेंदूच्या पेशीला काय सांगणार?

दोन दिवसांत बशीतल्या बहुतेक पेशी मेल्या. पण मोजक्या काही विभागू लागल्या. आठवडाभरात त्यांचे पुंजके झाले, तळापासून सुटले आणि द्रवात तरंगू लागले. राजगिऱ्याच्या लाडवासारखे दिसणारे, पण खसखशीच्या दाण्याहूनही लहान. गोल फोडून पेशी सुट्या केल्या तर त्यांच्यापासून पुन्हा नवे गोल. आणि पेशींना चिकटायला पृष्ठभाग दिला तर त्यांच्यातून चेतापेशी निघाल्या, तिला आधार देणाऱ्या पेशीही निघाल्या. स्वतःसारखी दुसरी घडवायची आणि वेगवेगळ्या प्रकारच्या लेकी जन्माला घालायच्या, ही तर मूलपेशीची, म्हणजे स्टेम सेलची व्याख्याच. मार्च 1992मध्ये 'सायन्स'मध्ये हा निबंध आला. त्याच वर्षी मेलबर्नमधल्या पेरी बार्टलेट यांच्या गटानंही स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला. पुढे या गोलांना 'न्यूरोस्फिअर' हे नाव रूढ झालं.

हे गोल सांभाळणं म्हणजे दुभतं जनावर सांभाळण्यासारखं आहे. ऊब 37 अंशांची, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोनतीन दिवसांनी ताजं खाद्य. गोल फार वाढू दिला तर आतल्या पेशींना प्राणवायू पोचत नाही, मधोमध काळा डाग दिसू लागतो. तत्पूर्वी तो फोडून नव्या बशीत घालायचा. फोडताना हात जड पडला तर पेशी मरतात, हलका पडला तर गठ्ठे तसेच राहतात.

सोपी युक्ती म्हणून जगभर ती पसरली, आणि सोपेपणानंच थोडा घातही केला. एक गोल म्हणजे एक मूलपेशी, असा हिशेब लोक मांडू लागले. 2005 ते 2008च्या दरम्यान तो चुकला. गोल बशीत फिरतात, एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात. टोरांटोच्या संशोधकांना तर असं दिसलं, की मोजण्यासाठी बशी नुसती उचलून हलवली तरी ते एकत्र येतात! शिवाय गोलातल्या फार थोड्या पेशी खऱ्या मूलपेशी असतात. जुने आकडे सावधपणे वाचायला हवेत, हे सांगणाऱ्यांत स्वतः रेनॉल्ड्सही होते. मला हे त्या पहिल्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

तरीही गोलांनी काम भरपूर केलं. 2003मध्ये टोरांटोतच शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी मेंदूच्या गाठींतल्या पेशींपासून असे गोल वाढवले आणि गाठ कोणत्या पेशी पोसतात, याचा माग काढला. 2016मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मत होती. संशय झिका विषाणूवर होता, पुरावा हवा होता. रिओ दि जानेरोच्या शास्त्रज्ञांनी मानवी पेशींपासून बनवलेल्या गोलांना झिकाची लागण केली. निरोगी बशीत शेकडो गोल, लागण झालेल्या बशीत मोजके, तेही विद्रूप. तोच झिका 2021मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला, तेव्हा गर्भवतींची काळजी आधी का घ्यायची, हे आपल्या आरोग्य खात्याला ठाऊक होतं, त्यात या बशांचाही वाटा आहे.

राहता राहिला प्रश्न अंथरुणावरच्या त्या माणसाचा. 1998मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी माणसाच्या मेंदूतही स्मृतीशी निगडित भागात नव्या चेतापेशी दाखवल्या. 2018मध्ये त्यावर पुन्हा वाद पेटला, एका गटाला त्या सापडल्या, दुसऱ्याला नाहीत. मानवी चेता-मूलपेशी वाढवून मज्जारज्जूला इजा झालेल्यांना टोचण्याची एक परदेशी चाचणी 2016मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण दिसलेला फायदा पुरेसा नव्हता. आपल्याकडे मात्र स्टेम सेलच्या जाहिराती वाचून दागिने मोडणारी कुटुंबं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडता बाकी सगळे वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे असतात. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.