कुत्र्याचं पिल्लू उंदराच्या ग्लू पॅडला चिकटलं तर? ओढू नका, आधी तेल लावा

ओट्याखाली, दुकानात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली उंदरांसाठी ठेवलेल्या ग्लू पॅडवर कधी कधी भलताच प्राणी अडकतो. कुत्र्याचं लहान पिल्लू तर अख्ख्या अंगानेच चिकटतं. सुटायला ते जितकं धडपडतं, तितका डिंक अंगभर पसरतो. अशा वेळी घाबरून लोक पिल्लाला ओढतात किंवा त्याच्यावर रॉकेल ओततात. डिंकापेक्षा जास्त इजा यानेच होते.

तेलच का?

हा डिंक वाळत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही. तेल मात्र त्यात मुरतं आणि पकड सैल होते. शेंगदाणा, सूर्यफूल, खोबरेल यांपैकी घरात असेल ते तेल चालतं. थोडं चाटलं गेलं तरी विषबाधा होत नाही, फार तर पोट बिघडतं.

कसं सोडवायचं?

१. हातमोजे घाला. पिल्लाला टॉवेलमध्ये सैलसर धरा आणि एकाने शांतपणे त्याच्याशी बोलत राहा. वेदनेत ओळखीचा कुत्राही चावू शकतो.

२. पॅडच्या उघड्या भागावर कागद दाबा किंवा पीठ भुरभुरा, म्हणजे आणखी अंग चिकटणार नाही. पुठ्ठ्याचा मोकळा भाग कात्रीने कापून टाका.

३. चिकटलेल्या जागेच्या कडेने तेल सोडा आणि ५ ते १० मिनिटं थांबा.

४. बोटांनी हळूहळू चोळत कडेकडेने मोकळं करा. जिथे अडेल तिथे पुन्हा तेल घाला. घाई नको.

५. सुटल्यावर राहिलेला डिंकही तेलानेच काढा. मग कोमट पाणी आणि कुत्र्याच्या शॅम्पूने धुऊन अंग नीट कोरडं करा. लहान पिल्लं लगेच गारठतात, त्यांना उबेत ठेवा.

हे करू नका

- रॉकेल, पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं.
- केसांत अडकलेला डिंक कात्रीने कापू नका. कुत्र्याची कातडी सैल असते, केसांबरोबर तीही कापली जाते.
- श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तोंड बांधू नका.

डॉक्टरांकडे कधी?

डोळे, नाक किंवा तोंड चिकटलं असेल, कातडी सोलली असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा पिल्लू मलूल पडलं असेल, तर घरी प्रयोग करू नका. वरच्याप्रमाणे पॅडचा उघडा भाग झाकून थेट पशुवैद्यकाकडे न्या. सोडवताना कोणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.

मुळात हे पॅड हवेत का?

पॅडवर अडकलेला प्राणी तासन्‌तास, कधी काही दिवस तडफडत राहतो. म्हणूनच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्येच ग्लू पॅडच्या वापराविरुद्ध सूचना दिली होती. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय उंदरांसाठी ते लावणं गुन्हा आहे. उंदरांचा बंदोबस्त करायचा तर बिळं आणि पाइपाभोवतीच्या फटी बुजवणं, रात्री खरकटं उघडं न ठेवणं आणि साधा पिंजरा लावणं हे उपाय आहेतच. त्यात निदान पिल्लू तरी चिकटत नाही.