आजारी मुलं स्वतःच्या आजाराबद्दल सोशल मीडियावर का लिहीत नाहीत?

‘आजकालची मुलं काहीही पोस्ट करतात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बरेचदा म्हटलंही असेल. पण गंभीर आजाराशी झगडणाऱ्या मुलांना विचारलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं.

कॅनडातल्या ओटावा शहरातील मुलांच्या हॉस्पिटलमध्ये माया व्हान डेर वेल्डन आणि खालेद अल इमाम या संशोधकांनी १२ ते १८ वयाच्या २० रुग्णांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. या मुलांना दीर्घकाळ चालणारे किंवा जिवावर बेतणारे आजार होते. फेसबुकचा वापर भरपूर होता, पण बहुतेक जण तिथे आजाराबद्दल काहीच लिहीत नव्हते. तसाच आजार असलेली इतर मुलंही ती शोधत नव्हती.

त्यांना धोक्याची कल्पना नव्हती, किंवा ती फक्त घाबरत होती, असं नाही. हॉस्पिटलमध्ये दिवसभर ओळख एकच असते: पेशंट. फेसबुकवर मात्र शाळेत काय चाललंय, कोण कुणाशी भांडलं हे कळतं आणि चारचौघांसारखं राहता येतं. ती जागा त्यांना आजारापासून मोकळी ठेवायची होती. कुणाला, किती आणि कधी सांगायचं हे आपण ठरवायचं, हाच त्यांच्या लेखी खासगीपणाचा अर्थ.

अभ्यास छोटा आहे आणि तो काळ फेसबुकचा होता. तरी मुद्दा शिळा झालेला नाही.

आपल्याकडे मात्र ही माहिती अनेकदा मुलाकडून नाही, घरच्यांकडूनच बाहेर जाते. मामा फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकतो, आत्या ‘प्रार्थना करा’ म्हणून स्टेटस ठेवते. उपचारासाठी पैसे उभे करताना तर नाव, चेहरा, आजार, हॉस्पिटल असं सगळंच जाहीर होतं. गरज खरी असते, हेतू चांगला असतो. पण वर्गातल्या मुलांपर्यंत ती लिंक पोहोचते आणि चारचौघांसारखं राहण्याची ती एक जागाही जाते.

कायदा काय म्हणतो? डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे. ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय वैद्यकीय नियतकालिकात छापायलाही २००२ च्या आचारनियमांत मनाई आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. कंपन्यांनी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो सांगतो. पण एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर याच कायद्याने वगळलाय. म्हणजे मामाच्या त्या फोटोवर बोट ठेवणं अवघड. शिवाय संमती पालकांची, मुलाची नाही. सतरा वर्षांच्या मुलीचीसुद्धा नाही.

त्यामुळे पोस्ट करण्याआधी मुलाला विचारणं घरच्यांच्याच हातात उरतं. ‘टाकू का?’ एवढंच विचारलं तर मूल बहुधा मान डोलावेल. नाव चालेल का, चेहरा दिसला तर चालेल का, आजाराचं नाव लिहायचं का, हे वेगवेगळं विचारलं तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि आधीच काही गेलं असेल, तर व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसच चालतं. पुढे फॉरवर्ड झालेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत.