पांढरी हलली, काळी तिथेच

किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तिथे पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे झाली होती. तारीख 30 सप्टेंबर 1993. आपल्याकडे सांता क्लारात तेव्हा 29 तारीख होती, बुधवार, दुपारचे 3 वाजून 26 मिनिटे. तिकडे आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून, दमून आलेली लातूर-उस्मानाबादकडची माणसे माळवदाखाली गाढ झोपली होती आणि इकडे आम्ही ऑफिसात दुपारच्या कॉफीला उठत होतो.

त्या आठवड्यात मंडळातल्या काही जणांनी मदतीसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. घरोघरी फोन करून चेक मागणाऱ्यांत मीही होतो. आम्ही बहुतेक पुण्या-मुंबईकडचे. किल्लारी नेमकी कुठे आहे ते अॅटलास उघडून पाहिले, हे कबूल केलेले बरे. "घरे बांधून देऊ या" हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी सहज आले. मराठवाड्यातले घर म्हणजे काय, याचा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मला तो करायला पुढे बरीच वर्षे लागली, म्हणून हा लेख.

आधी त्या घराविषयी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि वर मातीचे माळवद. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. वर्षामागून वर्षे थर चढत जाऊन छताचे ओझे वाढत जाई. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे घर थंडगार असते. पण भिंतीची बाहेरची आणि आतली बाजू सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जमीन हलली तशा भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या, आणि दगड व वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे 8 हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता होती 6.2. दख्खनचे पठार म्हणजे अढळ जमीन, असा तोपर्यंतचा समज. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. 1992 च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या लोकांना धक्के जाणवत होते, ते घाबरलेही होते. पण नकाशा बदलला तो 2002 मध्ये.

सरकारने काम मोठे केले, त्यात शंका नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला. सर्वांत जास्त पडझड झालेली 52 गावे नव्या जागी वसवायची ठरली. तिथे सुमारे 28 हजार घरे बांधली गेली, काही सरकारने ठेकेदारांकडून, काही देणगीदार संस्थांनी. बाकीच्या शेकडो गावांत जुन्याच जागी सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण, तेही घरमालकाच्याच हातून. जगात तोपर्यंत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम फारसे झाले नव्हते. त्यामुळे आपत्ती आणि विस्थापन यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी लातूर-उस्मानाबाद (2023 पासून धाराशिव) ही जणू खुली प्रयोगशाळाच ठरली. एकाच भूकंपातली दोन प्रकारची गावे शेजारी शेजारी होती, एक हललेले आणि एक न हललेले.

मी डिसेंबर 1999 मध्ये तिकडे गेलो तेव्हा हे अभ्यास वाचलेले नव्हते. औसा तालुक्यातल्या एका नव्या गावात उतरलो. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरे. प्रथमदर्शनी मला ते आवडलेच. सांता क्लाराची आमची गल्ली अशीच तर आहे! एका घरासमोर सत्तरीच्या एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. कुठून आलो ते सांगितले. म्हणाल्या, "बस बाबा. च्या घेतोस का?" घर कसे आहे विचारले तर म्हणाल्या, "घर चांगलं हाय. पडायचं न्हाई. पर शेजार ऱ्हायला न्हाई बघ. माझी जाऊ पार तिकडल्या टोकाला गेली."

जाऊ टोकाला का गेली? तर घराचा आकार जमिनीवर ठरला होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचे शेतकरी यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, आणि सात हेक्टरांपेक्षा जास्त जमीन असलेल्यांना 750. घरात माणसे किती, जनावरे किती, हा प्रश्न त्यात नव्हता. त्यातही अनेक गावांत एका आकाराची घरे एका पट्ट्यात आली. जुन्या गावात भावकी भिंतीला भिंत लावून राहत होती. नव्या गावात ती सातबाऱ्याप्रमाणे विखुरली.

आपल्या भाषेत गावाला दोन शब्द आहेत, हे मला त्या दिवशी आठवले. लहानपणी ऐकलेले आणि इथे आल्यावर विसरलेले. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. दोन्ही मिळून गाव. पुनर्वसनात पांढरी हलली, काळी तिथेच राहिली. रोज शेतावर जायचे अंतर वाढले. दावणीला बैल बांधायला नव्या अंगणात जागा पुरेना. आणि नव्या वसाहती जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलेल्या असल्याने त्यांच्यासाठी कुणाची तरी काळीच संपादित करावी लागली. एवढे रुंद रस्ते आणि दिवे सांभाळायला ग्रामपंचायतीकडे पैसा कुठून यावा, हा आणखी एक प्रश्न.

रोहित जिग्यासू यांनी नॉर्वेत 2002 मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात मराठवाडा आणि नेपाळ यांचा एकत्र अभ्यास केला आहे. तो वाचताना आजींचे बोलणे पुन्हा ऐकल्यासारखे वाटले. आपत्तीचे मूळ केवळ भूकंपात शोधू नका, लोकांचे बांधकामाचे ज्ञान कसे आणि कधी क्षीण झाले तेही पाहा, असा त्यांचा रोख आहे. आरपार दगड घालणे ही काही परदेशी विद्या नव्हती. चांगल्या गवंड्याला ती ठाऊक असते. भूकंपानंतर मात्र सगळा दोष दगडावर आला. लोकांना दगडाची इतकी धास्ती बसली की दुरुस्तीच्या गावांतही अनुदान मिळताच अनेकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी अंगणात विटा-सिमेंटची एक खोली उभी केली. रुरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारखे भूकंप-अभियंते जुनी भिंत कशी वाचवता येते ते सांगत होते. भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून सळई घातलेले काँक्रीट भरायचे, कोपरे बांधायचे, माळवदाची माती कमी करायची. खर्च नव्या घराच्या मानाने थोडा. पण भीतीला हिशेब पटत नाही.

तरीही दुरुस्तीच्या गावांत एक गोष्ट वेगळी घडली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन (त्यांचे 2022 मध्ये निधन झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावागावांतल्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमायची कल्पना सरकारसमोर ठेवली आणि ती मान्य झाली. एरवी ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बायका आता इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या, सिमेंटचा हिशेब पाहू लागल्या, शेजारणीला पट्टी कुठे घ्यायची ते दाखवू लागल्या. घर त्यांच्या समोर उभे राहत होते. ठेकेदाराने बांधून हातात किल्ली दिलेल्या घरात हे घडायला जागाच नव्हती.

हे सगळे मराठवाड्याच्या गरिबीचे आणि सरकारी खाक्याचे दुखणे, असे कुणाला वाटेल. मलाही वाटले असते. पण आपल्या दारातले उदाहरण आहे. 17 ऑक्टोबर 1989, मंगळवार, संध्याकाळचे 5 वाजून 4 मिनिटे. लोमा प्रिएटाचा तो भूकंप इथल्या जुन्या मंडळींना आठवतच असेल: बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, बे ब्रिजचा कोसळलेला तुकडा, ओकलंडचा सायप्रस फ्रीवे. तीव्रता 6.9, म्हणजे किल्लारीपेक्षा बरीच जास्त, आणि मृत्यू 63. आम्ही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रात्र काढली आणि दोन दिवसांनी कामावर गेलो. आमच्यापुरता तो संपला.

सांता क्लारापासून चाळीसेक मैलांवरच्या वॉटसनव्हिलमध्ये तो संपला नव्हता. स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणारी मेक्सिकन कुटुंबे तिथल्या बागेत तंबू टाकून राहिली, आणि अधिकाऱ्यांनी उघडलेल्या निवाऱ्यांत जायला तयार होईनात. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. समाजशास्त्रज्ञ ब्रेंडा फिलिप्स यांनी नंतर केलेल्या अभ्यासात या लोकांची बाजू पुढे आली. 1985 चा मेक्सिको सिटीचा भूकंप त्यांच्या स्मरणात होता, डोक्यावर छप्पर नको होते, आणि निवाऱ्यात त्यांची भाषा बोलणारे फारसे कुणी नव्हते. ओकलंडमध्ये स्वस्त हॉटेलांत महिनोन् महिने राहणाऱ्या गरिबांचे आणखी वेगळे. त्यांच्या नावावर घर नव्हते, भाडेकरार नव्हता, त्यामुळे मदतीच्या नियमांत ते बेघर झालेले ठरेनात. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा कुठे त्यांच्यासाठी घरांची तजवीज झाली. किल्लारीत सातबारा, ओकलंडमध्ये भाडेकरार. कागदावर जे दिसते तेवढेच मोडले, असे दोन्हीकडे धरले गेले.

लातूरचा अनुभव वाया गेला असे मात्र नाही. 26 जानेवारी 2001 ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा तिथेही आधी गावे हलवायची भाषा झाली. बहुसंख्य गावांनी नकार दिला आणि गुजरात सरकारने घरमालकांच्याच हाती अनुदान देऊन जुन्या जागी बांधकाम करू दिले. लातूर-उस्मानाबादच्या संवाद सहायक बायका तेव्हा कच्छला गेल्या आणि आपण काय केले, काय चुकले ते तिथल्या बायकांना सांगून आल्या. जेनिफर दुयने बारेनस्टाइन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधलेली कच्छी कुटुंबे ठेकेदाराकडून घर मिळालेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळली.

2001 च्या फेब्रुवारीत आम्ही सांता क्लारातल्या एका मित्राच्या गराजमध्ये बसलो होतो. पुन्हा चेक, पुन्हा याद्या. एका संस्थेकडून पत्र आले होते: इतक्या डॉलर्समध्ये इतकी घरे, आणि गावाच्या वेशीवर देणगीदारांच्या नावाची कोनशिला. मी किल्लारीच्या आजींची गोष्ट सांगितली आणि म्हटले, घरे नकोत, गवंड्यांच्या प्रशिक्षणाला आणि सामानाला पैसे देऊ या. घर ज्याचे तो बांधेल. बराच वाद झाला. "लोक विचारतील, आमच्या पैशाचं काय झालं, तर दाखवायचं काय?" असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. प्रश्न अगदी चुकीचा नव्हता. 1993 च्या आमच्या पैशांतून नेमकी कोणती घरे उभी राहिली ते मलाही कधी कळले नव्हते. शेवटी मते घेतली आणि दोन मतांनी प्रशिक्षणाचा ठराव झाला.

त्या वर्षी जमलेली रक्कम 1993 पेक्षा कमी होती.