खांब काढता येणारी वही

वडील सातारा जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत लेजर-क्लार्क होते. शाखेत संगणक आले तेव्हा रद्दीत निघालेले एक रिकामे लेजर-बाइंडर त्यांनी रीतसर पैसे भरून घरी आणले. कापड चढवलेले जाड पुठ्ठे, पत्र्याचा कणा, आत दोन पोलादी खांब आणि एक चावी. चावी फिरवली की कणा सैल होतो, पान काढता किंवा घालता येते. उलटी फिरवली की पाने जखडली जातात. चावी अधिकाऱ्याकडे असे, क्लार्ककडे नाही. वडील म्हणत, "पान माझ्या हातात, पण खांब साहेबांच्या खिशात."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तोवर एक चूक करून बसलो होतो. आजचा लेख त्या चुकीपासूनच सुरू करावा लागेल.

१९९६ साली आमच्या आजोळी माळ्यावर एक रुमाल सापडला. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके. इतिहासाच्या वाचकांना हे सांगायला नको. आत दोनशेच्या आसपास मोडी कागद होते. मी तेव्हा नुकताच मोडी शिकलो होतो, आणि नव्या मोडीवाचकाला असतो तो सगळा उत्साह माझ्यात होता. आठ दिवसांत मी कागद तारखेप्रमाणे लावले, ज्यांवर तारीख नव्हती ते विषयाप्रमाणे लावले आणि वडिलांच्या त्या बाइंडरमध्ये बसावेत म्हणून प्रत्येकाला डाव्या अंगाला दोन भोके पाडली. पंच चांगला धारदार होता. एका पत्रात तारखेचा 'छ' शिल्लक राहिला आणि त्यापुढचा आकडा गोल टिकली होऊन केरात गेला. कागद तारखेने लावण्याच्या खटाटोपात तारीखच गेली, याचे हसू मला अजूनही येत नाही.

पण भोकांपेक्षा मोठे नुकसान दुसरेच होते. रुमालात कागद ज्या क्रमाने होते, जो कागद ज्याच्या पोटात घडी घालून ठेवला होता, ते सगळे मी मोडले आणि कुठेही टिपून ठेवले नाही.

सुटी पाने एकत्र कशी ठेवायची हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. ताडपत्राची पोथी हे खरे तर सुट्या पानांचे बाइंडरच. पानाला एक किंवा दोन छिद्रे, त्यातून दोरी, खालीवर लाकडी फळ्या. ब्रह्मदेशात दोरीऐवजी बांबूच्या काड्याही घालत; फळी, पाने, पुन्हा फळी आणि आरपार गेलेली काडी. काडी उपसली की पाने मोकळी. आजच्या स्क्रूच्या खांबाशी याचे नाते सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. पुढे ताडपत्र जाऊन कागद आला, दोरीची गरज संपली, तरी जैन पोथ्यांमध्ये पानाच्या मधोमध कोरी जागा सोडून तिथे तांबडा ठिपका काढण्याची रीत राहिली. भोक गेले, त्याची खूण राहिली. आपल्या घरातल्या कागदी पोथ्यांना तर दोरीही नाही. फडक्यात गुंडाळलेली आडवी सुटी पाने. मग क्रम कोण राखतो? पानाच्या पाठीवर समासात लिहिलेला आकडा आणि त्याच्याजवळ ग्रंथाच्या नावाची एकदोन अक्षरे. पोथी हातातून निसटून अंगणात विखुरली तरी पुन्हा लावता येते. माझा रुमाल तसा नव्हता. पत्रव्यवहाराला पृष्ठांक नसतात.

मराठी दफ्तरात पान जागेवर राहावे म्हणून वेगळी युक्ती होती. मजकूर लांबला की कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवत आणि जोडावर शिक्का उमटवत. मधली पट्टी कोणी बदलली तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळणार नाहीत. शेवटी मोर्तब, म्हणजे यापुढे कोणी ओळ वाढवू नये. भीती तीच, जी वडिलांच्या बँकेला होती. (दफ्तर हा शब्दही मौजेचा आहे. मूळ ग्रीकमध्ये तो कातड्याला होता. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत तो कागदांचा झाला, आणि आता 'दप्तर' होऊन पोरांच्या पाठीवर बसला आहे.)

युरोपात हा प्रश्न अगदी निराळ्या दाराने आला: ग्रंथालयाच्या यादीतून. ब्रिटिश म्युझियमच्या छापील पुस्तकांचे प्रमुख अँटोनिओ पानिझ्झी यांनी १८४१ साली यादी करण्याचे ९१ नियम छापून घेतले. नियम झाले, पण पुस्तके येतच राहिली. बांधलेल्या वहीत नवे नाव मधोमध कुठे घालणार? तेव्हा एकेका पुस्तकाची नोंद वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि ती उचलून दुसरीकडे लावता येईल अशा बेताने वहीत डकवायची, अशी पद्धत १८५० च्या सुमारास तिथे रूढ झाली. पान भरले की चिठ्ठ्या सरकवायच्या, वही फुगली की तिच्या दोन करायच्या. अशा वह्यांची संख्या पुढच्या पंचवीस वर्षांत दोन हजारांच्या वर गेली. वाचनकक्षात यादीलाच जागा पुरेना, तेव्हा १८८१ पासून ती छापायला घेतली. त्याच दशकात रोमचा बांधणीकार अरिस्तिदे स्तादेरिनी याने सुट्या नोंदी कव्हरात आवळून धरणारी यादीवही बनवली आणि इटलीतल्या ग्रंथालयांनी ती उचलली. डकवण्याचा व्याप त्यात नव्हता. चिठ्ठी काढा, नवी घाला, पुन्हा आवळा.

व्यापाऱ्यांनी हे लगेच हेरले. बॉनचे फ्रीडरिश झोनेकेन यांनी १८८६ मध्ये कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्टुटगार्टच्या लुई लाइट्झ यांनी १८९६ मध्ये खटक्याची फाइल बाजारात आणली. आपल्या प्रत्येक कचेरीत जी जाड फाइल दिसते, ती हीच. आज भोकांचे अंतरही ठरलेले आहे: दोन भोकांच्या मध्यांत ८० मिलिमीटर. जगभरच्या कागदाला कुठे भोक पडावे हे जर्मन स्टेशनरीवाल्यांनी ठरवून टाकले म्हटले तरी चालेल.

खांबाची वही या सगळ्यांत वेगळी पडते. खटक्याची फाइल चटकन उघडते. खांबाची मुद्दाम हळू उघडते. खांब म्हणजे आतून आटे पाडलेली नळी आणि वरून बसणारा स्क्रू. पाने वाढली की नळीच्या डोक्यावर दुसरा तुकडा चढवायचा. तिचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे: मधले एक पान काढायचे तर वरची सगळी पाने आधी उतरवावी लागतात. हिशेबाच्या लेजरला हे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्या कागदाला बंद भोकाऐवजी कडेपर्यंत उघडी खाच आली आणि खांबाला कुलूप आले. खाचेमुळे पान बाजूने सरकवता येते, आणि कुलपामुळे ते कोणालाही सरकवता येत नाही.

या कुलपावर कायद्याचा किती विश्वास? बँकांच्या वह्यांचा पुरावा म्हणून स्वीकार करण्याचा कायदा १८९१ चा आहे. इतर हिशेबांसाठी पुरावा कायद्याचे कलम ३४ होते: धंद्याच्या रीतीने नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतल्या नोंदी ग्राह्य. पण वही म्हणजे काय? जैन डायऱ्यांच्या प्रकरणात, म्हणजे सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ला या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाला २ मार्च १९९८ रोजी याचेच उत्तर द्यावे लागले. सहज सुटी होणार नाहीत अशी एकत्र बांधलेली पाने म्हणजे वही, असा अर्थ न्यायालयाने लावला. म्हणून स्पायरलच्या वह्या आणि स्पायरलचे पॅड हे 'वही' ठरले. फाइलींतले सुटे कागद ठरले नाहीत. वहीतली नोंदही एकटी पुरेशी नाही, तिला बाहेरचा आधार हवा, हेही त्याच निकालात आहे. निवाडा वाचताना मला वाटले, स्पायरलचे पान फाडले तर तारेत निदान कागदाची कात्रणे अडकून राहतात. खांबाच्या वहीतून पान काढले तर काहीच मागे राहत नाही. तिथे पुरावा वहीत नसतो, ती चावी कोणाकडे होती यात असतो. वडिलांचे वाक्य मला त्या दिवशी समजले.

लक्ष्मीपूजनाला आपण ज्या चोपड्या पुजतो त्या शिवलेल्या असतात, हा निव्वळ योगायोग नसावा. पहिल्या पानावर श्री काढला की पुढची पाने मोजलेली आहेत असे धरून चालायचे असते.

आता माझ्या रुमालाकडे येतो. १८९८ साली राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये म्युलर, फाइट आणि फ्रुइन या तिघा अभिलेखपालांनी एक पुस्तक काढले. जगभरची दफ्तरखाने आज ज्या तत्त्वावर चालतात ते त्यात मांडले आहे: कागद ज्या संस्थेत ज्या क्रमाने साठले, तो क्रम मोडू नये, कारण क्रम हीसुद्धा माहिती आहे. मी १९९६ साली राजवाडे वाचले होते, ते पुस्तक नव्हते. ते वाचायला मिळाले २००९ मध्ये, आणि दोन दिवस मला झोप लागली नाही.

कारण मधल्या काळात, २००३ साली, मी एका छोट्या नियतकालिकात लेख लिहून मोकळा झालो होतो. त्या रुमालात पाटाच्या पाण्याच्या पाळीचा एक बिनतारखेचा कतबा आहे. दोन पत्रांपैकी एकाबरोबर तो आला असणार. पहिले पत्र आजोळच्या मूळ पुरुषाचे, दुसरे त्याच्या नातवाचे. मी विषय जुळतो म्हणून कतबा पहिल्या पत्रामागे लावला आणि लिहिले की गावात पाळी थोरल्याच्या काळापासून ठरलेली होती. गावात तो लेख वाचला गेला. पाळी अजून चालते, आणि एका घराण्याचा हक्क माझ्या त्या वाक्यामुळे गावच्या बोलण्यात दुय्यम ठरला. कोर्टात काही गेले नाही. पण पारावर गेले, आणि पाराचा निकाल फिरवता येत नाही.

क्रम परत मिळवायचा मार्ग मला किडीने दाखवला. कीड कागद खाते ती एका पानापुरते थांबत नाही, आरपार जाते. एकमेकांना चिकटून असलेल्या कागदांत तिचे भोक एकाच जागी, एकाच आकाराचे, हळूहळू सरकत गेलेले दिसते. मी प्रत्येक कागदाची भोके ट्रेसिंग पेपरवर उतरवली, मूळ घड्यांच्या खुणा पेन्सिलीने काढल्या, ओलीचे डाग रंगवले, आणि ट्रेसिंग एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले. सहा महिन्यांचे काम. दोनशेपैकी निम्म्याहून थोड्या अधिक कागदांचे शेजारी सापडले. किडीची भोके माझ्या भोकांपेक्षा प्रामाणिक निघाली.

कतबा नातवाच्या पत्राच्या पोटात होता. तीन भोके आणि एक डाग, चारही जुळतात. माझे २००३ चे विधान चुकीचे आहे. ते मी इथे मागे घेतो. त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन मी तसे सांगितलेही. ते म्हणाले, "भाऊ, आता सांगून काय उपयोग, पण छापून आण." म्हणून हे छापतो आहे.

मग प्रश्न उरला, हे कागद ठेवायचे कसे. वडिलांच्या बाइंडरमध्ये परत घालणे शक्य नव्हते. आमच्या गल्लीतल्या बाइंडरला बसवून मी नवी वही तयार करून घेतली. तिच्यात नवे काही नाही, वर सांगितलेल्या सगळ्यांची उसनवारी आहे. पहिला नियम: कागदाला भोक नाही. प्रत्येक कागद आम्लरहित जाड कागदाच्या घडीत सुटा राहतो, भोके त्या घडीच्या कडेला जोडलेल्या पट्टीला आहेत. प्लॅस्टिकची पाकिटे सुचवणारे बरेच भेटले. आमच्या पावसाळ्यात आत दमटपणा कोंडेल ही माझी शंका त्यांना दूर करता आली नाही. पितळी खांब दिसतात छान, पण काही वर्षांत हिरवे पडतात, म्हणून खांब स्टेनलेस स्टीलचे. पहिला नमुना बाहेरच्या कडेला इतका फुगला की कव्हर मिटेना, कारण कागदाची जाडी घडीत होती, कण्याशी नव्हती. प्रत्येक घडीमागे कण्याशी एक अरुंद कोरी पट्टी जास्तीची घातली तेव्हा वही सपाट बसली. बाइंडर म्हणाले, फोटोच्या अल्बमात हेच करतात, आधी विचारायचे होते.

खाचा मी मुद्दाम ठेवल्या नाहीत. भोके बंद आहेत, म्हणजे मधला कागद काढायला वरचे सगळे उतरवावे लागतात आणि पुन्हा त्याच क्रमाने चढवावे लागतात. जो दोष म्हणून सांगितला जातो तो मला हवा होता. आकडे पोथीप्रमाणे घडीच्या पाठीवर, पेन्सिलीने. नंतर सापडलेल्या कागदाला अ, आ. ज्यांचे शेजारी सापडले नाहीत ते शेवटी वेगळे, 'क्रम अज्ञात' असे लिहून. त्यांना तारखेने लावायचा मोह अजून होतो. जोडपट्ट्यांचे चार लांब कागद या वहीत बसत नाहीत. ते गुंडाळून फडक्यातच ठेवले आहेत.

'छ' असलेल्या पत्राच्या घडीवर मी लिहिले आहे: भोक संपादकाने पाडले, १९९६. पहिल्या भागाचे खांब सध्या अठरा मिलिमीटरचे आहेत. आजोळहून दुसरा एक रुमाल येणार आहे, तो उघडण्याआधी वरून, बाजूने आणि प्रत्येक गाठ सोडताना छायाचित्रे घ्यायची असे भाच्याला बजावून ठेवले आहे. सहा मिलिमीटरचे दोन जोड आणून ठेवले आहेत.