नांदेड-लातूर : रुळांच्या रुंदीने घडवलेली दोन स्थानके

मराठवाड्यातील रेल्वेच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

रेल्वे स्थानकाचा इतिहास म्हटले की डोळ्यांसमोर भव्य वास्तू उभ्या राहतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८मध्ये पूर्ण झालेले मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे त्याचे ठळक उदाहरण. जपानमध्ये तात्सुनो किंगो या वास्तुविशारदाने उभारलेले आणि १९१४मध्ये खुले झालेले टोकियो स्थानक हे दुसरे. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन शहरांच्या वाट्याला अशी घुमटांची आणि मनोऱ्यांची श्रीमंती आली नाही. तरीही या दोन स्थानकांचा इतिहास कमी महत्त्वाचा नाही. येथे वास्तूपेक्षा रुळांनी अधिक घडवले. दोन रुळांमधील अंतर किती असावे, हा निर्णय शतकापूर्वी लंडन आणि हैदराबाद येथे झाला. त्याचे परिणाम ही दोन शहरे आजही अनुभवत आहेत.

गोदावरीकाठचा मीटरगेज

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात लोहमार्ग बांधण्याचे काम ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या कंपनीकडे होते. भांडवल प्रामुख्याने इंग्लंडमधील भागधारकांचे आणि त्यावरील ठराविक परताव्याची हमी निजाम सरकारची, अशी ही व्यवस्था होती. ‘गॅरंटीड’ हा शब्द त्यावरूनच आला. याच कंपनीने हैदराबादपासून मनमाडपर्यंत ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ हा मार्ग बांधला. निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ही गावे जोडत जाणारा सुमारे सव्वासहाशे किलोमीटरचा हा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत १९०१पर्यंत पूर्ण झाला. नांदेड रेल्वेच्या नकाशावर आले ते या मार्गामुळे.

तो काळ सुखाचा नव्हता. १८९९-१९०० सालच्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवण्यासाठी लोहमार्ग हवेत, असे १८८०च्या दुष्काळ आयोगाने आधीच सांगितले होते. दुसरीकडे गोदावरीच्या खोऱ्यातील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्याचे व्यापारी गणितही होते. मनमाडला हा मार्ग ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीच्या मुख्य मार्गाला भेटत असे. मात्र तेथे एक अडचण होती. मनमाडहून मुंबईला जाणारा मार्ग साडेपाच फुटी ब्रॉडगेज होता, तर नांदेडकडून येणारा मार्ग सव्वातीन फुटी मीटरगेज. दोन्ही गाड्या एकाच स्थानकात उभ्या राहत, परंतु एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नसे. प्रत्येक गासडी एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावी लागे.

कॅलथ्रॉप यांची ‘बार्शी लाइट’

लातूरची रेल्वे अगदी वेगळ्या वाटेने आली. इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून १८९५मध्ये लंडनला ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी स्थापन झाली. त्या वेळी बार्शी हा ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यातील तालुका निजामाच्या मुलखाने जवळपास वेढलेला होता. बार्शीची बाजारपेठ मोठी असली तरी मुख्य लोहमार्ग तिला बगल देऊन गेला होता. आजच्या कुर्डुवाडी स्थानकाला तेव्हा ‘बार्शी रोड’ असे नाव होते. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ असेल तर मूळ गाव तेथून लांब आहे, अशी रेल्वेची जुनी रीत आहे. ‘लातूर रोड’ हे नावही त्याच रीतीचे.

१८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. रुळांमधील अंतर होते केवळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉप यांचा विचार साधा पण नेमका होता. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही. भार सर्व आसांवर सारखा विभागला की हलके रूळही पुरतात. वळणे लहान ठेवता येतात, मातीकाम कमी होते आणि तोट्यात जाणारा मार्गही परवडतो. यासाठी त्यांनी लीड्सच्या किटसन कारखान्यातून आठ जोडचाकांची खास इंजिने बनवून घेतली. ती भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून त्यांची चाचणी आणि प्रात्यक्षिकही घेतले. हलक्या रेल्वेच्या अभ्यासकांमध्ये बार्शीच्या या मार्गाचे नाव आजही आदराने घेतले जाते. इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली हा १९०४चा मार्ग कॅलथ्रॉप यांनी बार्शीच्याच अनुभवावर उभारला.

पुढे १९०६मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोहोचला आणि वारकऱ्यांची गाडी म्हणून घरोघरी ओळखीचा झाला. पूर्वेकडे येडशी, ढोकी, मुरुड अशी गावे घेत १९११मध्ये तो निजामाच्या हद्दीतील लातूरला येऊन थांबला. १९२७मध्ये पंढरपूर-मिरज टप्पा पूर्ण झाल्यावर लातूर ते मिरज असा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा सलग नॅरोगेज तयार झाला. लातूरच्या व्यापाराला या छोट्या गाडीने मोठे बळ दिले. सोळा रस्ते जेथे एकत्र येतात त्या गंजगोलाईची आखणी १९१७ची, म्हणजे रेल्वे आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी झालेली. धान्य, कापूस आणि पुढे तेलबिया व तुरीची बाजारपेठ म्हणून लातूरचे नाव झाले, त्यात या रुळांचा वाटा होता.

एकमेकांकडे पाठ केलेले शेजारी

दहा वर्षांच्या अंतराने रेल्वे आलेली ही दोन शहरे सडकेने सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहेत. रेल्वेने मात्र त्यांना दोन निराळ्या दिशांना तोंडे करून बसवले. नांदेड हैदराबाद आणि मनमाडकडे पाहू लागले, लातूर कुर्डुवाडीकडे. एकीकडे मीटरगेज, दुसरीकडे नॅरोगेज. दोन कंपन्या, दोन रुंदी आणि मध्ये रूळच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली, पण ही मांडणी बदलली नाही. निजाम संस्थानाची रेल्वे १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाइट सरकारने १९५४मध्ये विकत घेतली आणि तीही मध्य रेल्वेत आली. काही वर्षे दोन्ही मार्ग एकाच विभागाखाली होते. २ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि नांदेडचा मार्ग तिकडे गेला. आज लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर मंडळात आहे, तर नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत. नांदेड हे १ एप्रिल २००३पासून स्वतंत्र मंडळाचे मुख्यालय झाले. हे मंडळ मध्य रेल्वेला जोडावे, ही मराठवाड्यातील प्रवासी संघटनांची मागणी अनेक वर्षांची आहे.

साधेपणाची वास्तू

गोदावरी खोऱ्यातील या मार्गाचे वास्तुवैभव पाहायचे असेल तर हैदराबादच्या काचीगुडा स्थानकात जावे लागते. १९१६मध्ये बांधलेल्या या इमारतीवर घुमट आणि मिनार आहेत. राजधानीच्या स्थानकाला संस्थानाचा दिमाख मिरवायचा होता. जिल्ह्याच्या गावांतील स्थानकांवर मात्र गरजेपुरतेच बांधकाम होई. बार्शी लाइटवर तर काटकसर हेच तत्त्व होते. गाडीच लहान असल्याने उंच फलाट, मोठी छते आणि विस्तीर्ण यार्ड यांची आवश्यकता नव्हती. जो मार्ग स्वस्तात बांधला म्हणूनच अस्तित्वात आला, त्याच्या स्थानकात भव्यता शोधणे योग्य नव्हे. तथापि तो साधेपणाही एक वास्तुविचार होता आणि त्याची नोंद ठेवणे आवश्यक होते.

नांदेडच्या स्थानकाला मोठेपण आले ते वेगळ्या कारणाने. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८मध्ये नांदेडला महानिर्वाण झाले. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, तेथे आजचा सचखंड गुरुद्वारा बांधण्यात आला. पंजाबातून येणाऱ्या भाविकांमुळे नांदेड हे केवळ मधले स्थानक राहिले नाही. नांदेड ते अमृतसर धावणारी सचखंड एक्स्प्रेस ही या नात्याची खूण. स्थानकाचे नावही ‘हुजूर साहिब नांदेड’ असे झाले. २००८मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी देशविदेशांतून आलेल्या भाविकांपैकी अनेकांनी नांदेडची पहिली ओळख या फलाटावरच करून घेतली.

रुंदीकरण आणि गावाबाहेर गेलेले स्थानक

नांदेडला ब्रॉडगेज आले ते १९९०च्या दशकात. मनमाड-औरंगाबाद टप्पा १९९२मध्ये बदलला आणि काम पूर्वेकडे सरकत गेले. पूर्णा-अकोला मार्ग २००८मध्ये रुंद झाला. मीटरगेजच्या काळात वाफेच्या इंजिनांचे मोठे केंद्र असलेल्या पूर्णा जंक्शनचे महत्त्व ओसरले आणि नांदेडचे वाढले.

लातूरमध्ये बदल अधिक खोल होता. अडीच फुटी मार्गाची वळणे ब्रॉडगेजला चालणारी नव्हती. त्यामुळे कुर्डुवाडी-लातूर मार्गाची आखणीच बदलण्यात आली. जुना मार्ग उस्मानाबाद (आजचे धाराशिव) शहराला टाळून येडशीवरून जात असे, नवा मार्ग शहराला जोडून गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे येण्यासाठी धाराशिवला एकविसावे शतक उजाडावे लागले. लातूर-उस्मानाबाद टप्पा सप्टेंबर २००७मध्ये आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी टप्पा ऑक्टोबर २००८मध्ये खुला झाला.

या बदलात लातूरचे वस्तीतले जुने स्थानक गेले आणि नवे स्थानक शहराच्या कडेला उभे राहिले. जुन्या मार्गाची आठवण आता ‘जुनी रेल्वे लाईन’ या पत्त्यापुरती उरली आहे. असा अनुभव लातूरपुरता मर्यादित नाही. जपाननेही १८७२मध्ये रेल्वे सुरू करताना साडेतीन फुटी अरुंद मार्ग निवडला होता. १९६४मध्ये अतिवेगवान शिंकान्सेन सुरू करताना त्यांना १४३५ मिलिमीटर रुंदीचे सर्वस्वी नवे रूळ टाकावे लागले. ओसाका शहरातील जुने स्थानक सोयीचे न ठरल्याने नदीपलीकडे ‘शिन-ओसाका’, म्हणजे नवे ओसाका, हे स्थानक बांधण्यात आले. फरक एवढाच की जपानने जुने मार्ग आणि जुनी स्थानके चालू ठेवली. आपल्याकडे नवे आले की जुने उखडले जाते.

पाणी घेऊन आलेली गाडी

रुळांच्या रुंदीचे मोल लातूरकरांना खऱ्या अर्थाने कळले ते २०१६च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणी वाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती. अशा वेळी कृष्णेचे पाणी भरून मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. काही दिवसांतच ५० वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले आणि पावसाळ्यापर्यंत हा क्रम चालला.

मिरज आणि लातूर ही बार्शी लाइटचीच दोन टोके. दुष्काळात पाणी आले ते कॅलथ्रॉप यांच्या जुन्या मार्गाच्या दिशेने, पण नव्या रुंद रुळांवरून. नॅरोगेज कायम असता तर ब्रॉडगेजच्या टाकी वाघिणी कुर्डुवाडीलाच थांबल्या असत्या आणि पाणी तेथून टँकरने आणावे लागले असते. रुंदीकरणाचा खर्च योग्य होता का, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात निकाली निघाला.

पुढची वाट

लातूरजवळ हरंगुळ परिसरात मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली. २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. लहानशा गाडीसाठी ओळखले जाणारे लातूर आता डबे घडवणारे शहर होऊ पाहत आहे. २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत भारत स्थानक’ योजनेत लातूर आणि हुजूर साहिब नांदेड या दोन्ही स्थानकांचा समावेश आहे.

प्रश्न संपलेले नाहीत. २०१७मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेल्यावर लातूरकर रस्त्यावर उतरले होते. हक्काची गाडी जाण्याची धास्ती त्यामागे होती. त्याहून मूलभूत प्रश्न नांदेड आणि लातूरला थेट जोडणाऱ्या मार्गाचा. आजही रेल्वेने नांदेडहून लातूरला जायचे तर परभणी, परळी, लातूर रोड असा फेरा घ्यावा लागतो. लोहा मार्गे नांदेड-लातूर रोड हा नवा मार्ग दीर्घकाळ प्रस्तावित आहे. दोन्ही शहरांत आता रुळांची रुंदी एकच झाली आहे. मधला तुकडा जोडला गेला, तरच शतकापूर्वी दोन कंपन्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसवलेली ही दोन शहरे खऱ्या अर्थाने शेजारी होतील. स्थानकांच्या दर्शनी भागावर खर्च होत असताना या कामाचा विसर पडू नये.

दृष्टिक्षेपात

१८९५ : लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना
१८९७ : बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी नॅरोगेज सुरू
१९०१ : नांदेडवरून जाणारा हैदराबाद-मनमाड मीटरगेज पूर्ण
१९११ : नॅरोगेज लातूरला पोहोचला
१९२७ : लातूर-मिरज सलग मार्ग
१९५४ : बार्शी लाइटचे सरकारीकरण
१९६६ : दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना
२००३ : नांदेड मंडळ अस्तित्वात
२००८ : लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज पूर्ण
२०१६ : मिरजेहून लातूरला ‘जलदूत’