उजव्या बाजूचा इतिहास

साहित्याने हृदयाला मोठे स्थान दिले, पण त्याला बाजू दिल्या नाहीत. प्रेम, करुणा आणि धैर्य यांचे निवासस्थान असलेले हे इंद्रिय कवितेत एकसंधच राहिले. वैद्यकाने मात्र त्याचे डावे-उजवे भाग पाडले आणि त्याबरोबर त्यांची प्रतवारीही लावली. डावा भाग साऱ्या देहाला रक्त पुरवतो, म्हणून तो मुख्य. उजवा ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवतो, म्हणून तो दुय्यम. ही प्रतवारी कशी दृढ झाली आणि ध्वनिलहरींनी तिला कसा धक्का दिला, हे पाहण्याजोगे आहे.

रक्त उजवीकडून डावीकडे मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून झिरपते, असे गेलनचे मत होते. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीसने ते नाकारले आणि रक्त फुप्फुसांतून फिरून येते असे सांगितले. १६२८ साली विल्यम हार्वेच्या ग्रंथाने रक्ताभिसरणाचे संपूर्ण वर्तुळ मांडले. या वर्तुळात उजव्या बाजूला अपरिहार्य स्थान मिळायला हवे होते. प्रत्यक्षात उलट घडले. १९४३ मध्ये आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची उजवी जवनिका, म्हणजे खालचा उजवा कप्पा, जाळून निकामी केली. तरी शिरांतील दाब फारसा वाढला नाही. पुढे फ्रान्सिस फाँताँ यांनी बोर्दो येथे जन्मजात विकृतीच्या रुग्णांमध्ये हा कप्पा वगळून रक्त थेट फुप्फुसांकडे वळवण्याची शस्त्रक्रिया केली; तिचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. उजवी जवनिका म्हणजे केवळ एक वाट, हा समज या दोहोंमुळे पक्का झाला.

त्या प्रयोगातील कुत्र्यांची फुप्फुसे निरोगी होती आणि मधला पडदा डाव्या बाजूच्या बळावर आकुंचन पावतच होता, याकडे तेव्हा लक्ष गेले नाही. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र निरीक्षणापेक्षा मोठा काढला गेला. १९७४ साली जे कोहन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यात उजवी जवनिका निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा ‘दुय्यम’ बाजूही प्राणघातक ठरू शकते हे स्पष्ट झाले.

दुर्लक्षाचे दुसरे कारण साधनात होते. इंगे एड्लर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल प्रथम नोंदवली. त्यासाठी वापरलेले यंत्र मुळात धातूतील दोष शोधण्याचे होते. एड्लर यांना हवी होती ती डावीकडच्या झडपेची माहिती. त्यामुळे या तंत्राची नजर सुरुवातीपासूनच डावीकडे वळलेली होती. शिवाय डावी जवनिका साधारण लंबगोल, तिचे आकारमान भूमितीच्या सूत्रात बसते. उजवी छातीच्या हाडामागे दडलेली, एका अंगाने त्रिकोणी तर आडव्या छेदात चंद्रकोरीसारखी. जे सूत्रात बसत नव्हते, ते मोजमापाबाहेर राहिले. नाट्यपरंपरेत जवनिका म्हणजे पडदा. उजवी जवनिका दीर्घकाळ खरोखरच पडद्याआड होती.

१९८४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. आकारमान सापडत नसेल तर हालचाल मोजावी, असा मार्ग त्या वर्षी पुढे आला. उजव्या जवनिकेचे बहुतांश आकुंचन लांबीच्या दिशेने होते. म्हणून तीन पाकळ्यांच्या झडपेची कडा प्रत्येक ठोक्याला टोकाकडे किती सरकते ते पाहायचे. आज १७ मिलिमीटरपेक्षा कमी सरकणे हे दुर्बलतेचे लक्षण मानतात. त्याच वर्षी पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी त्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दाब काढण्याची रीत दाखवली. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर त्याच्या वर्गाची चौपट, म्हणजे पाऱ्याचे ३६ मिलिमीटर, इतका दाबातील फरक. त्यात वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवायचा. अठराव्या शतकातील बर्नोली यांचे द्रवशास्त्र अशा रीतीने रुग्णाच्या उशाशी आले.

या मोजमापांची खरी कसोटी लागते ती वृद्धांमध्ये. धाप, पायांवरची सूज, पोटाचे जडपण, मंदावलेली भूक ही उजवे हृदय थकल्याची लक्षणे. आणि नेमकी हीच ‘वय झाले’ या दोन शब्दांत मिटवली जातात. वयाबरोबर फुप्फुसांच्या धमन्या कडक होतात आणि डावे हृदय ताठरल्याने मागचा दाबही वाढतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यातील रहिवाशांच्या पाहणीतून हा वयाबरोबरचा चढ २००९ मध्ये नोंदला गेला. मग वाढलेला दाब वयाचा की व्याधीचा? एकटा आकडा याचे उत्तर देत नाही. कडेची हालचाल दाबाच्या संदर्भात वाचावी लागते. हालचालीला दाबाने भागून येणारे गुणोत्तर हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांचे भवितव्य सुचवते, असे २०१३ साली मार्को गुआझ्झी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. वृद्ध छातीत फुगलेली फुप्फुसे लहरींना अडवतात. तेव्हा तपासणारा फासळ्यांखालून, पोटाच्या बाजूने पाहतो. तिथून मोठी शीरही दिसते. ती फुगलेली असेल आणि श्वास घेताना आक्रसत नसेल, तर उजवीकडे दाब साचलेला असतो.

म्हणजे ज्याला आपण ‘टू-डी एको’ म्हणतो, ते निव्वळ छायाचित्र नाही. ते वाचन आहे. प्रत्येक वाचनाप्रमाणे त्यालाही पूर्वग्रह असतात. डावी बाजू मजबूत दिसली की अहवाल ‘सर्वसाधारण’ ठरतो आणि उजवीचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. ती ओळ किती काळजीपूर्वक लिहिली गेली, यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाची धाप व्याधी ठरणार की वार्धक्य, हे अवलंबून असते. व्याधी ठरली तर निदान तिच्यावर उपाय शोधला जातो. वार्धक्य ठरले तर कोणी काहीच शोधत नाही.