पीएचडीची मुदत आणि ऋतूंचा हिशेब

परिस्थितिकी आणि उत्क्रांती या विषयांत पीएचडी करणाऱ्याला दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. एक विद्यापीठाचे, दुसरे ज्या जीवाचा अभ्यास करायचा त्याचे. प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडता येतो. हुकलेला हंगाम मात्र वर्षभर परत येत नाही. म्हणून संशोधनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे का, याबरोबरच तो मुदतीत सुटेल का, हेही तपासावे लागते. ठाणे-कल्याण परिसरातल्या उदाहरणांवर ही कसोटी लावून पाहू.

आधी मुदत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. 'नेट'मधून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये. म्हणजे मुदत सहा वर्षांची, पैसा पाचांचा. किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि आराखडा यांत पहिले वर्ष सरते. अभयारण्यात काम असेल, तर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखालची परवानगी वेगळी. शेवटचे वर्ष लेखनात जाते. पैशाच्या पाच वर्षांतून हाती उरतात तीन हंगाम.

तीन हंगामांत काय बसते? ठाणे खाडीचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालेली ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळही आहे. फ्लेमिंगो हिवाळ्याच्या तोंडावर येतात, पावसाळ्याआधी परततात. त्यांची संख्या वर्षावर्षाला का बदलते, असा प्रश्न घेतला, तर तीन हंगाम म्हणजे आलेखावरचे तीन ठिपके. तेवढ्यावरून कल सांगणे धाडसाचे. प्रश्न जरा फिरवा: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्टीचा कोणता भाग ते चरायला निवडतात? भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, उधाण आणि भांग दर पंधरवड्याला. ओहोटीची वेळ चुकली की होडी चिखलात रुतते आणि दिवस वाया जातो. तरीही एका हंगामात नोंदींच्या शेकडो संधी मिळतात. खाडी तीच, पक्षी तेच. प्रश्नाचा काळ तेवढा बदलला.

उत्क्रांतीचे प्रश्न लाखो वर्षांचे, म्हणून ते मुदतीत बसणार नाहीत असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. त्यांचा पुरावा आजच्या जीवांच्या शरीरात आणि डीएनएमध्ये साठलेला असतो, त्यामुळे हे प्रश्न ऋतूंपेक्षा स्थळे अधिक मागतात. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जाती नोंदवली गेली. २६/११ च्या हल्ल्यातील शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळाले. अशा वर्णनातून जीव कोणता, हे ठरते. प्रबंधाला त्यापुढचा प्रश्न हवा: तिचे जवळचे नातलग कोण, ते कुठे राहतात, फाटा केव्हा फुटला? त्यासाठी एकाच जागी दहा वर्षे बसण्यापेक्षा दहा जागांचे नमुने कामी येतात.

स्थळांच्या मोजणीतही एक सापळा आहे. अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन कल्याणजवळ उल्हासला मिळणारी वालधुनी आणि एखादा स्वच्छ ओढा यांची तुलना करायची, म्हणून दोन्हीकडून शंभर-शंभर नमुने घेतले, तरी प्रदूषित प्रवाह एकच आणि स्वच्छही एकच. दिसलेला फरक प्रदूषणाचा की त्या दोन प्रवाहांचा, हे नमुने वाढवून कळत नाही. प्रवाह वाढवावे लागतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर बोट ठेवले, आणि आजही व्हायव्हात बाहेरचा परीक्षक पहिला नेम इथेच धरतो.

मग फ्लेमिंगोंच्या संख्येसारखे दीर्घ प्रश्न सोडून द्यायचे का? मुळीच नाही, ते विद्यार्थ्याऐवजी विभागाने धरावेत. विद्यार्थी पाच-सहा वर्षांत निघून जातो, खाडीकाठचे महाविद्यालय तिथेच असते. दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने गणती करून नोंदवही पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देणे हे विभागाचे काम. असे चार प्रबंध एकामागून एक झाले, तर तीन ठिपक्यांचे बारा होतात आणि कल दिसू लागतो.